राखीव चार, उद्या पहिली पाळी

"आमच्याकडे कोणी आलं नाही म्हणून काम अडलंय, असं आजवर एकदाही झालेलं नाही!"

हे वाक्य इन्चार्ज साहेब दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि म्हणताना शर्टाची कॉलर जराशी सारखी करत. साहेब एका भल्या मोठ्या धुलाई कारखान्याच्या सकाळच्या पाळीचे इन्चार्ज होते. शहरातल्या हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे तिथे गाड्या भरभरून यायचे, धुऊन, इस्त्री होऊन, घड्या होऊन परत जायचे. आता 'धुलाई' हा शब्द साहेब चारचौघांत तोंडातून काढत नसत, ती गोष्ट वेगळी. कोणी विचारलं की म्हणायचे, "मी व्यवस्थापनात आहे." समोरचा आदराने मान हलवायचा आणि पुढे काही विचारायचा नाही. साहेबांना तेच हवं असायचं.

पण माणसं सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मान्य करायला हवं. निदान साहेबांनी तरी ते केव्हाच मान्य केलं होतं! त्यांनी कारखान्यात एक पद्धत बसवली होती. नेहमीच्या कामगारांशिवाय काही माणसं राखीव. त्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. कोणी आलं नाही, किंवा कपड्यांचा ढीग वाढला, की साहेब अंगठ्याने मेसेज पाठवायचे: "राखीव दोन. उद्या पहिली पाळी. कारण चालणार नाही." आणि राखीव दोनने उलट एकच शब्द पाठवायचा: "हजर." बस्स! ना गप्पा, ना गाऱ्हाणी. त्यातही राखीव चारवर साहेबांची फार मर्जी. ती जवळच राहायची, आणि कधी 'नाही' म्हणायची नाही. त्यामुळे दर वेळी पहिला मेसेज तिलाच जायचा.

अशा या साहेबांच्या स्वतःच्या घरात मात्र एका बाईंनी त्यांना जेरीला आणलं होतं.

साहेबांचा मुलगा, म्हणजे ढब्बू, नुकता दुडुदुडु पळायला लागला होता. आई-बाबा दोघं नोकरीला, म्हणून त्याला सांभाळायला मावशी यायच्या. मावशी म्हणजे सोनं होत्या! ढब्बू त्यांच्या हातून निमूट जेवायचा, त्यांच्या मांडीवर झोपायचा, आणि संध्याकाळी त्या निघाल्या की त्यांच्या पदराला असा लोंबकळायचा, की आपण याचे कोण लागतो असा प्रश्न आई-बाबांना पडायचा. तक्रार एकच. मावशी आल्या तर आल्या! सकाळी बायकोचा फोन वाजायचा आणि घरातली हवाच निघून जायची.

"ताई, आज माझं येणं व्हायचं नाही. दाढ फार दुखतेय."

पुढच्या खेपेला नळ फुटलेला असायचा. मग पाहुणे. मग पुन्हा दाढ.

"मावशींना दाढा आहेत तरी किती?" साहेब एकदा चिडून म्हणाले.

"मोजायच्या नंतर," बायको पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. "आधी आज घरी कोण थांबणार ते ठरव. मी नाही थांबू शकत."

आणि तिचं खरंच होतं. ती रक्ततपासणीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नव्याने लागली होती. ढब्बूच्या जन्मापायी पहिली नोकरी सुटली, मग घरात बसून जीव नुसता आंबला, आणि आता कुठे ही जागा मिळाली होती. तीही कच्ची! सुरुवातीलाच तिच्या तीन-चार रजा मावशींच्या दाढांमध्ये गेल्या होत्या. परवा तिथल्या प्रमुख बाईंनी तिला आत बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "महिनाअखेर तुला पक्कं करायचं की नाही ते ठरेल. तोवर आणखी एक रजा झाली, तर मला काही विचारू नकोस." त्या दिवशी घरी येऊन ती रडली नाही, चिडलीही नाही. नुसती ढब्बूचे कपडे घडी करत बसली. साहेबांना ते फारच लागलं.

"तू अजिबात काळजी करू नकोस," ते छाती पुढे काढून म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत तुला घरून एक फोन येणार नाही. ही जबाबदारी माझी! अख्खा कारखाना सांभाळतो मी, एक मावशी सांभाळता येणार नाही?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं फारसं उत्साहवर्धक नव्हतं.

पहिला उपाय होता कडक शब्दांचा. साहेबांनी आरशासमोर उभं राहून चांगलं खणखणीत भाषण बसवलं. "मावशी, हे असं चालणार नाही. शिस्त म्हणजे शिस्त!" वगैरे. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, चपला काढल्या, आणि साहेबांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "दादा, चेहरा किती उतरलाय हो तुमचा! जेवता की नाही वेळेवर? त्या व्यवस्थापनाच्या नादात तब्येत घालवाल एक दिवस." आईनंतर इतक्या मायेने त्यांना कोणी विचारलं नव्हतं! भाषण जागच्या जागी विरलं, आणि साहेब म्हणाले ते एवढंच: "मावशी, चहा घेणार का?"

दुसरा उपाय म्हणजे त्यांचा हातखंडाच. राखीव! घरालाही राखीव माणूस हवा. त्यांनी इमारतीत नजर फिरवली, आणि ती वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांवर स्थिरावली. डॉक्टर दातांचे, आता निवृत्त, एकटे, आणि दिवसभर जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून बोलणारे. त्यांना राखीव एक म्हणून नेमल्याचं साहेबांनी जाहीर केलं तेव्हा डॉक्टर खूश झाले.

"अहो, लहान मुलं म्हणजे माझा आवडता विषय! बिनधास्त आणून ठेवा."

संधी लगेच आली. एका सकाळी मावशींची दाढ पुन्हा दुखली. साहेबांनी बायकोला हसतमुखाने कामावर धाडलं, ढब्बूला डॉक्टरांकडे पोचवलं, आणि शीळ घालत खाली उतरले. ते बसथांब्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. मागून डॉक्टर एका हातात ढब्बू आणि दुसऱ्या हाताचं बोट वर धरून धापा टाकत येत होते.

"चावला!" डॉक्टर ओरडले. "नवा दात येतोय का ते बघायला बोट घातलं, तर कडकडून चावला! उभा जन्म लोकांच्या तोंडात बोटं घालण्यात गेला माझा, पण ही वेळ कोणी आणली नव्हती! घ्या तुमचं रत्न!"

रत्न आनंदाने टाळ्या पिटत होतं.

झालं! घरचा राखीव पहिल्याच पाळीत जायबंदी. बायकोला फोन करायचा नाही, हा शब्द दिलेला. मग साहेबांनी तिसरा उपाय काढला, आणि तो त्यांना इतका सोपा वाटला की आधी का सुचला नाही याचं नवल वाटलं. आपण घरी थांबायचं आणि कारखाना फोनवरून चालवायचा! त्यात अवघड ते काय? तिकडे त्यांचा मदतनीस होताच. त्याला सगळे 'होयबा' म्हणायचे. साहेब जे सांगतील ते अक्षरशः तसंच करायचं, त्यात स्वतःची अक्कल घालायची नाही, हे त्याचं ब्रीद होतं, आणि साहेबांनीच ते त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

फोन लागला. साहेबांनी तो कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरला, कारण दोन्ही हातांत ढब्बू होता.

"साहेब, हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरी आल्यात," होयबा म्हणाला. "मोठ्या मशिनात भरतोय."

"भर, भर," साहेब म्हणाले. तेवढ्यात ढब्बू निसटला आणि पाण्याच्या बादलीकडे धावला. आता पाण्यात स्वतः उतरण्यापेक्षा त्याने खेळणी टाकत बसलेलं बरं, म्हणून साहेबांनी आवाज गोड केला. "हां! टाक त्यात! ते लाल पण टाक!"

पलीकडे होयबाने खात्री करून घेतली.

"लाल पण टाकू?"

फोन एव्हाना खांद्यावरून घसरून छातीशी लोंबत होता. साहेबांना काहीच ऐकू आलं नाही.

"सगळं लाल टाक! शाब्बास! आता घुसळ, जोरात घुसळ! किती हुशार रे माझं बाळ!"

होयबाने आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या तोंडून 'शाब्बास' ऐकलं होतं. 'माझं बाळ' तर त्याच्या थेट काळजाला भिडलं. त्याने डोळे पुसले, शेजारच्या ट्रॉलीतले हॉटेलचे लालभडक पडदे उचलले, आणि सगळेच्या सगळे पांढऱ्या चादरींत कोंबून मशिन सुरू केलं. गरम पाण्यावर!

दुपारी फोन आला. होयबाचा आवाज अजूनही हळवा होता. "साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. चादरी गुलाबी निघाल्या. छान निघाल्यात, एकसारख्या."

साहेब ढब्बूच्या खेळण्यांवरच बसले. रबरी बदकाने त्यांच्या खालून क्वॅक केलं.

आता त्या चादरी पुन्हा धुवायच्या, पुन्हा पांढऱ्या करायच्या, शिवाय रोजचं काम वेगळंच. हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी जाब विचारायला येणार होत्या आणि मोठे साहेबही हजर राहणार होते. म्हणजे उद्या इन्चार्जांनी तिथे असायलाच हवं, आणि हातही जास्त हवेत. साहेबांनी संध्याकाळी फोन उचलला आणि सवयीने अंगठा चालवला.

"राखीव चार. उद्या पहिली पाळी. कारण चालणार नाही."

"हजर," उत्तर आलं. तेवढ्यापुरतं साहेबांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन वाजला. साहेब दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने बाहेर धावले.

"बोला मावशी... ताप?... उठवत नाही? बरं. जपा हं," म्हणून बायकोने फोन ठेवला, आणि ढब्बूचं दूध हलवायला लागली. दूध केव्हाच निवलं होतं, तरी हलवतच राहिली.

"आज मी घरी थांबले तर संपलंच सगळं," ती हळूच म्हणाली.

"तू नीघ!" साहेब म्हणाले. साबण त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होता. "मी आहे ना! तू नुसती नीघ!"

ती गेली. साहेब मात्र पेटले. ताप म्हणे! आज इकडची पृथ्वी तिकडे झाली तरी ढब्बूला मावशींच्या मांडीवर नेऊन ठेवायचं, मग त्यांना ताप असो, दाढ असो, की नळ फुटून घरात तळं झालेलं असो! त्यांनी मावशींना कामावर ठेवताना लिहून घेतलेला पत्ता शोधला, ढब्बूला काखोटीला मारलं आणि बस पकडली. बसमध्ये ढब्बूने समोरच्या गृहस्थांचा चष्मा काढून घेतला, तो परत करताना त्यांचं पेन घेतलं, आणि ते परत देईपर्यंत साहेबांचा थांबा मागे गेला. उरलेली वाट त्यांनी तरातरा चालत, मनातल्या मनात ते आरशासमोरचं भाषण पुन्हा पाठ करत काढली.

मावशींचं दार उघडंच होतं. एक खोली, स्वच्छ झाडलेली. आत मावशी ठणठणीत, अगदी टवटवीत, आणि त्यांच्या कडेवर ढब्बूएवढंच दुसरं एक पोर!

"मावशी!" साहेब दारातूनच गरजले. "हा ताप का?"

मावशींनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग त्यांच्या घामाकडे, आणि मग गुपचूप पाण्याचा तांब्या पुढे केला. "बसा आधी, दादा. ऊन लागेल."

"मी बसायला आलेलो नाही!" असं म्हणत साहेब बसले. ढब्बू त्यांच्या हातून उतरून थेट त्या दुसऱ्या पोराकडे गेला, आणि दोघांनी कसलीही ओळख-पाळख न करता एकमेकांचे कान धरले.

"हा टिंगू. माझ्या लेकीचा," मावशी खालमानेने म्हणाल्या. "खोटं बोलले मी, दादा. दाढ नाही, ताप नाही, काही नाही. लेक कामाला जाते. जावई बाहेरगावी. तिला कामावर आयत्या वेळी बोलावतात हो! संध्याकाळी कळवतात, उद्या ये म्हणून. मग या पोराला बघणार कोण? मीच."

"मग खरं सांगायचं होतंत!"

"खरं सांगितलं की लोक वाद घालतात. दाढ दुखते म्हटलं की कोणी बोलत नाही."

हे साहेबांना पटलं. पटल्यामुळे ते जास्तच चिडले. "मग याला घेऊन यायचं होतंत आमच्याकडे! दोघं खेळले असते."

मावशींनी आश्चर्याने वर पाहिलं. "कसं आणणार? पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, कामावर येताना सोबत मूल आणायचं नाही. नियम आहे म्हणालात."

साहेबांना आठवलं. कारखान्यात वाफेची मशिनं, म्हणून तिथे मुलांना बंदी. तोच नियम त्यांनी उचलून घरालाही चिकटवला होता. घरात वाफ फक्त चहाची निघायची! साहेब ओशाळले, आणि आता हा सगळा राग कुठे काढावा याचा विचार करू लागले. जागा लगेच सापडली.

"पण मला सांगा, हा तिचा साहेब आहे तरी कोण? माणूस आहे की कोण आहे? आयत्या वेळी बोलावतो म्हणजे काय? लोकांना घरं नाहीत? मुलं नाहीत?"

"नाव कोणाला ठाऊक! तिथे सगळे त्याला हुकूमचंद म्हणतात," मावशी उत्साहाने पुढे सरकल्या. "नुसते हुकूम सोडतो मेला. एक शब्द माणुसकीचा नाही."

"हुकूमचंद! शोभतं!" साहेबांना हसू आलं. "मावशी, मी या क्षेत्रातला माणूस आहे, म्हणून सांगतो. ज्याला आयत्या वेळी माणसं गोळा करावी लागतात ना, त्याला काम नेमताच येत नाही! शुद्ध नालायकपणा! असल्या माणसाला मी आमच्याकडे दारात उभं केलं नसतं."

"असं ना?"

"अहो, उलटा टांगायला हवा! नंबर आहे त्याचा? द्या. आत्ता लावतो फोन. चांगली हजामत करतो!"

"पाठच आहे," मावशी म्हणाल्या. "एक दिवस त्याला झाडायचं म्हणून लेकीच्या फोनवरून पाठ करून ठेवलाय. धीर मात्र होत नव्हता. लावा."

मावशी एकेक आकडा आठवून, बोटं मोडत सांगू लागल्या, आणि साहेब तितक्याच आवेशाने तो दाबू लागले. मधे एकदा टिंगू आला आणि त्याने एक आकडा आपल्या मनाचा घातला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. शेवटी साहेबांनी फोन कानाला लावला, घसा खाकरला आणि छाती फुगवली.

टूं टूं टूं.

"व्यस्त!" साहेब तुच्छतेने म्हणाले. "बघितलंत? असली माणसं कायम व्यस्त. दुसऱ्या कोणाला तरी छळत असेल."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावला. पुन्हा टूं टूं टूं.

"काय निगरगट्ट आहे! पण मीही सोडणारा नाही. एकदा सापडू दे मला..." असं म्हणत साहेबांनी तिसऱ्यांदा लावण्यासाठी फोन डोळ्यांसमोर धरला. आकडे ओळखीचे वाटले. फारच ओळखीचे! साहेबांनी ते मनात एकदा वाचले. मग दुसऱ्यांदा वाचले. आपला नंबर माणूस इतरांना घडाघडा सांगतो, पण स्वतःला कधी लावत नाही. साहेब तिसऱ्यांदा स्वतःलाच फोन लावून शिव्या द्यायला निघाले होते.

त्यांनी घाईघाईने फोन पालथा केला.

"लागला का?" मावशींनी विचारलं.

"अं? नाही. व्यस्त आहे."

"मेला व्यस्तच असणार."

"हो," साहेब म्हणाले. "मेला... व्यस्तच."

"आणि दादा, लेकीला तिथे नावसुद्धा नाही हो. राखीव चार म्हणे! मी कौतुकाने नाव ठेवलं तिचं, आणि हा माणूस तिला चार म्हणतो." मावशींनी पदराने डोळे टिपले. "तुमच्यासारखा साहेब मिळायला हवा होता तिला."

साहेबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काल आपण घरी थांबलो म्हणून चादरी गुलाबी झाल्या. चादरी गुलाबी झाल्या म्हणून राखीव चारला बोलावलं. राखीव चार गेली म्हणून मावशी आल्या नाहीत. आणि मावशी आल्या नाहीत म्हणून आज बायकोची नोकरी टांगणीला! गेले कित्येक दिवस ते स्वतःच्याच अंगठ्याने स्वतःच्याच घराला सुरुंग लावत होते, आणि वर 'मावशींना शिस्त नाही' म्हणून ओरडत होते. मनापासून लाज वाटली त्यांना. बायकोचं सकाळचं ते दूध हलवत राहणं आठवलं आणि आणखीच वाटली.

"मावशी," ते उठत म्हणाले, "ढब्बूला इथेच ठेवतो. आणि उद्यापासून टिंगूला घेऊन आमच्याकडे या. तो नियम रद्द!"

"आणि हुकूमचंद?"

"त्याला मी बघतो," साहेब म्हणाले, आणि चपला उलट्या पायांत घालून पळाले.

कारखान्यात पोचले तेव्हा घडीच्या टेबलांवर गुलाबी चादरींचे डोंगर उभे होते. एका डोंगरामागे राखीव चार मान खाली घालून पुन्हा धुवायच्या चादरी वेगळ्या करत होती. साहेब थेट तिच्यापाशी गेले. बोलायचं तर पुष्कळ होतं. पण माणसांशी नीट बोलायची सवय कुठे होती? त्यामुळे तोंडातून निघालं ते इतकंच:

"तुम्ही घरी जा. आत्ताच्या आत्ता."

तिच्या हातातली चादर गळून पडली. "का साहेब? माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. फक्त जा. आणि असं आयत्या वेळी यायचं नाही यापुढे."

तिचे डोळे भरून आले. शेजारची बाई थांबली. तिच्या शेजारची थांबली. इस्त्रीवाल्याने वाफ बंद केली. एकेक करत सगळी मशिनं थांबली, आणि अख्ख्या कारखान्यात कधी नव्हे ती शांतता पसरली.

"तिला काढलंत?" इस्त्रीवाला पुढे आला. "पडदे टाकले होयबाने, आणि काढता हिला? मग आम्हीही चाललो!"

"अहो, तसं नाही!" साहेब घाबरून ओरडले. "हिचा मुलगा माझ्याकडे आहे! म्हणजे... माझ्या मुलाजवळ आहे!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"साहेबांनी हिचं पोर उचललं!" कोणीतरी किंचाळलं.

राखीव चार मटकन खाली बसली. होयबा सवयीने म्हणाला, "होय साहेब." आणि नेमक्या याच क्षणी दारातून मोठे साहेब आणि मुख्य परिचारिकाबाई आत आल्या!

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. साहेब एका उलट्या टोपलीवर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मावशी, दाढा, डॉक्टरांचं बोट, लाल पडदे, आणि स्वतःलाच लावलेले दोन फोन. "मीच तो नालायक माणूस," ते शेवटी म्हणाले. "हुकूमचंद." हे नाव साहेबांना ठाऊक आहे हे कळल्यावर चारदोन जण हळूच मशिनांआड झाले. राखीव चार आधी डोळे विस्फारून बघत राहिली, मग ओढणी तोंडावर धरून हसायला लागली, आणि मग तो सगळा कारखाना असा हसला की परिचारिकाबाईसुद्धा गुलाबी चादरीत तोंड लपवून हसल्या. जाताना मात्र बजावून गेल्या, "हसले म्हणजे सोडलं असं नाही. चादरी मला उद्या पांढऱ्याच हव्यात!"

मोठे साहेब हसले नाहीत. पण त्यांनी विचारलं, "मग यापुढे काय करणार?"

"आठवडाभराच्या पाळ्या आधी लावणार," साहेब म्हणाले. "आणि माणसांना नावाने हाक मारणार."

"हे तुम्हाला आज सुचलं?" एवढंच म्हणून मोठे साहेब निघून गेले.

महिनाअखेरपर्यंत मावशींची दाढ एकदाही दुखली नाही. टिंगू आणि ढब्बू मिळून घर डोक्यावर घ्यायचे, आणि डॉक्टर हात खिशात घालून दुरून बघायचे. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी बायको दारातून आत आली ती उड्या मारतच. "झाले पक्की!" साहेबांना तिने गच्च मिठी मारली. "एक फोन आला नाही घरून! कसं जमवलंस रे?"

साहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं! पण तिचे डोळे असे काही चमकत होते की त्यांचा हात आपोआप कॉलरकडे गेला. "अगं, माणसं सांभाळणं ही एक कला आहे..."

मावशी कोपऱ्यात टिंगूला टोपी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. नुसतं विचारलं, "दादा, तो नंबर लागला का हो शेवटी?"

"कुठला नंबर?" बायको म्हणाली.

"काही नाही!" साहेब घाईघाईने म्हणाले. मावशी हसल्या आणि टिंगूला घेऊन निघाल्या. लेकीने घरी काय काय सांगितलं असेल याचा अंदाज साहेबांना आला, पण त्यांनी तो मनाआड केला. बायको आनंदाने ढब्बूला घेऊन गरगर फिरत होती, आणि साहेब पाय पसरून, बऱ्याच दिवसांनी निवांत बसले होते.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. आजवर मावशींनी फोन केला तो बायकोलाच. आज पहिल्यांदाच साहेबांना त्यांचा मेसेज आला होता:

"इन्चार्ज एक. सोमवारी लेकीला सुट्टी, आम्ही तिघं फिरायला. तुमची पहिली पाळी, घरी. कारण चालणार नाही."

साहेबांनी मेसेज वाचला. बायकोकडे पाहिलं, ढब्बूकडे पाहिलं. मग अंगठा उचलला, आणि मुकाट्याने एकच शब्द लिहिला.

"हजर."